६,६६६ रुपये ६६ पैसे: विमानतळावरचं एक टेंडर आणि ते न भरणारे

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चौकटीत छापून येणाऱ्या निविदा सूचनेचं शेवटचं वाक्य मला तोंडपाठ आहे: ‘कोणतेही कारण न देता कोणतीही अथवा सर्व निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे.’ कंत्राटदारांची टेंडरं भरून देणं हे माझं रोजचं काम. बयाणा रक्कम, अनुभवाचे दाखले, सॉल्व्हन्सी म्हणजे ऐपतीचा दाखला, बाँडवरचं प्रतिज्ञापत्र हे सगळं जुळवताना त्या शेवटच्या ओळीकडे कुणी बघत नाही. भांडण झालं की मात्र पहिल्यांदा तीच पुढे येते.

आमच्याकडे एक अण्णा येतात. एमआयडीसीत तीन कारखान्यांची कँटीन चालवतात. एका सरकारी संस्थेच्या आवारातलं उपाहारगृह चालवायला द्यायचं होतं, त्याची सूचना घेऊन ते आले. अट होती ‘परवानाधारक उपाहारगृह चालवण्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव’. मी अटीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हटलं, ‘अण्णा, तुमची कँटीनं आहेत, हॉटेल नाही. कागदपत्रांच्या पहिल्याच लिफाफ्यात बाद व्हाल, दराचा लिफाफा उघडणारही नाहीत. टेंडर फी फुकट जाईल.’ त्यांनी कात्रणाची घडी घालून खिशात ठेवली आणि विषय मिटला. पुढे काही महिन्यांनी कळलं, की काम ज्याला मिळालं तोही कँटीनवालाच. अण्णा आले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, ‘त्याला चाललं, तर मग आपण का नाही भरलं?’

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात १९७९ सालीच जाऊन आला आहे. तोही विमानतळावरच्या एका रेस्टॉरंटवरून, आणि तिथेही वाद कँटीन की हॉटेल हाच. रमण दयाराम शेट्टी विरुद्ध भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण या नावाने कायद्याचे विद्यार्थी ते प्रकरण वाचतात. बहुतेकांच्या लक्षात राहतं ते राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ चं, म्हणजे सरकारी महामंडळ हे ‘राज्य’ आहे की नाही याचं विवेचन. टेंडर भरणाऱ्याच्या नजरेने ते क्वचितच वाचलं जातं. मला मात्र त्यातला पत्रव्यवहार सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

जानेवारी १९७७, मुंबई विमानतळ

मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास इथले आंतरराष्ट्रीय विमानतळ सांभाळायला संसदेने १९७१ मध्ये कायदा करून एक प्राधिकरण स्थापन केलं. त्या प्राधिकरणाच्या मुंबईतल्या विमानतळ संचालकांनी ३ जानेवारी १९७७ च्या सुमारास एक निविदा सूचना काढली. विमानतळावर एक दुसऱ्या दर्जाचं रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार उभारून ३ वर्षं चालवायचे होते. सूचनेच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं, की मोहोरबंद निविदा ‘किमान ५ वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाच्या हॉटेलचालकांकडून’ मागवण्यात येत आहेत. आठव्या परिच्छेदात ती आपली ओळखीची ओळ होतीच: निविदा स्वीकारणं संचालकांच्या हाती, कारण न देता कोणतीही किंवा सगळ्या नाकारण्याचा हक्क राखीव. मुदत २५ जानेवारी दुपारी १२ पर्यंत. लिफाफे त्याच दिवशी साडेबाराला उघडायचे.

सहा निविदा आल्या. सर्वांत वरचा आकडा होता दरमहा ६,६६६ रुपये ६६ पैसे परवाना शुल्काचा. हा आकडा विचित्र दिसतो, पण बाराने गुणलं की ७९,९९९ रुपये ९२ पैसे येतात. म्हणजे भरणाऱ्याने वर्षाला ८० हजार असा हिशेब धरून बाराने भागलेलं दिसतं. आजही आमच्याकडे कंत्राटदार असेच आकडे आणतात. बाकीच्या पाचांचे आकडे उतरत्या क्रमाने होते आणि या आकड्यापेक्षा बरेच खाली. त्यातली एक निविदा अपूर्ण म्हणून बाजूला पडली.

प्रश्न एवढाच होता, की हा सर्वांत वरचा देकार देणारा माणूस हॉटेलचालक नव्हता. खटल्यात तो चौथा प्रतिवादी म्हणून येतो, इथेही तसंच म्हणू.

सहा पत्रं

त्याने निविदेसोबत २४ जानेवारीचं पत्र जोडलं होतं. मोठमोठ्या व्यापारी कंपन्या, प्रशिक्षण केंद्रं, बँका, कारखाने यांना खाणं पुरवण्याचा १० वर्षांचा अनुभव आहे, बाहेरच्या केटरिंगची कामंही करतो, असा त्याचा आशय. पत्र प्रामाणिक होतं, त्यात कुठे हॉटेल असल्याची थाप मारलेली नव्हती.

विमानतळ अधिकाऱ्याला अट आठवत होती. १५ फेब्रुवारीला त्याने लेखी विचारलं: तुम्ही किमान ५ वर्षांचा अनुभव असलेले नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाचे हॉटेलचालक आहात का? असल्यास ७ दिवसांत कागदोपत्री पुरावा द्या.

२२ फेब्रुवारीचं उत्तर असं, की दोन मोठ्या कंपन्यांची कँटीनं चालवलेली आहेत आणि मुंबई महापालिकेचा खाद्यगृहाचा परवाना १९७३ पासून आहे. इथे मला बोटं मोजायचा मोह होतो. १९७३ ते जानेवारी १९७७ म्हणजे ओढूनताणून ४ वर्षं. परवान्याच्या हिशेबाने बघितलं तरी ५ भरत नाहीत. हे उत्तर पोहोचायच्या आतच अधिकाऱ्याने त्याच तारखेला पुन्हा तेच विचारणारं पत्र धाडलं होतं. एकाच मुद्द्यावर दोनदा विचारणा केली याचा अर्थ कार्यालयात कुणालातरी ही अट खरोखर महत्त्वाची वाटत होती.

मग २६ फेब्रुवारीचं पत्र आलं, आणि सगळ्या प्रकरणाचा कणा तिथे आहे. त्याने लिहिलं, की १९६२ साली दिल्लीतल्या एका हॉटेलात आपण या धंद्यात पाऊल ठेवलं आणि तिथून वर चढत इथवर आलो. कँटीनचा परवाना आहे, अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालचा परवाना आहे. तेव्हा आपला अनुभव दुसऱ्या दर्जाच्या, किंबहुना पहिल्या दर्जाच्या हॉटेलचालकाच्या ‘तोडीचा’ आहे. ३ मार्चला त्याने हेच पुन्हा लिहिलं.

‘तोडीचा’, सरकारी भाषेत ‘समकक्ष’. निविदा सूचनेत हा शब्द नव्हता. तो उमेदवाराच्या पत्रातून फाइलीत शिरला आणि १९ एप्रिल १९७७ ला प्राधिकरणाने निविदा स्वीकारली. फायली अशाच हलतात. कुणी पैसे खाल्ले असं ठरवायची गरज नसते. सर्वांत मोठा आकडा समोर असतो, माणूस कामाचा वाटतो, आणि एक शब्द आत आला की अडलेलं चाक सुटतं. या तीन महिन्यांत देशात आणीबाणी संपली होती, निवडणूक होऊन सरकार बदललं होतं, पण विमानतळावरच्या या फाइलीला त्याचा काही स्पर्श झालेला दिसत नाही.

२३ एप्रिलला त्याने अटी मान्य केल्या आणि ३९,९९९ रुपये ९६ पैशांच्या मुदत ठेवीच्या पावत्या सुरक्षा ठेव म्हणून दिल्या. बरोबर सहा महिन्यांचं शुल्क. १ मे रोजी करारनामा झाला. त्याने फर्निचर, काउंटर, शोकेस बनवून घेतले. नोकरांचे गणवेश शिवले. डीप फ्रीझर, वॉटर कूलर, आइसक्रीमची कपाटं, एस्प्रेसो कॉफीची यंत्रं, कपबश्या, काटे-चमचे असं सगळं घेतलं आणि माणसं कामावर ठेवली.

आणि हे सगळं तसंच पडून राहिलं. कारण जुना चालक जागा सोडेना.

जुना चालक

विमानतळावर आधीच्या करारावर रेस्टॉरंट आणि स्नॅक बार चालवणारे एक गृहस्थ होते. करार संपला होता, ताबा त्यांच्याकडेच होता. नव्या निविदेत त्यांनीही देकार दिला होता आणि तो कमी पडला होता. ते मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयात गेले, तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. १० ऑक्टोबर १९७७ ला तो उठला. उच्च न्यायालयातलं अपीलही त्याच महिन्यात फेटाळलं गेलं. मग कुठे नव्या माणसाला दोन स्नॅक बार मिळाले. रेस्टॉरंटचं घोडं तरीही अडलेलंच होतं.

एवढं होऊन गेल्यावर, ८ नोव्हेंबर १९७७ ला, मुंबई उच्च न्यायालयात एक नवीच रिट याचिका, म्हणजे सरकारी निर्णयाला थेट आव्हान देणारी याचिका, दाखल झाली. याचिकाकर्त्याने निविदा भरलेलीच नव्हती. त्याचं म्हणणं साधं होतं: अट वाचून मी भरली नाही, कारण मी तिच्यात बसत नव्हतो. ज्याला काम दिलं तोही बसत नव्हता. अट पाळायची नाही हे मला कळलं असतं तर मीही भरली असती. मला स्पर्धेत उतरायची समान संधी नाकारली गेली.

अण्णांचाच प्रश्न. उच्च न्यायालयाने याचिका दाखल करून घ्यायलाही नकार दिला, अपीलही गेलं, आणि प्रकरण दिल्लीला पोहोचलं.

न्यायालयात

न्यायमूर्ती भगवती, तुळजापूरकर आणि पाठक यांच्या पीठाने ४ मे १९७९ रोजी निकाल दिला. निकालपत्र भगवतींचं.

प्राधिकरणाचा बचाव तीन पायऱ्यांचा होता. पहिली पायरी: पहिल्या परिच्छेदातली ती अट पात्रतेची नव्हतीच, आम्हाला कसा माणूस हवा याचं ते नुसतं वर्णन होतं. दुसरी: अट असली तरी तिला कायद्याचं बळ नाही. कुठल्या अधिनियमात किंवा नियमात ती नाही, आम्हीच लिहिली आणि आम्हीच सैल केली, यात तिऱ्हाइताचं काय गेलं? तिसरी अर्थातच आठवा परिच्छेद, म्हणजे कारण न देता वाटेल ते करण्याचा राखून ठेवलेला हक्क.

पहिल्या पायरीवर न्यायालयाने जरा मजेशीर गोष्ट नोंदवली. मुंबईत महापालिका दर्जा देते तो हॉटेलांना आणि रेस्टॉरंटांना. म्हणजे दुसऱ्या दर्जाचं नोंदणीकृत हॉटेल असू शकतं, पण ‘नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाचा हॉटेलचालक’ अशी चीज कुठल्या नोंदवहीत सापडणार? अट ओबडधोबड लिहिलेली होती. पण ओबडधोबड म्हणून ती निरर्थक ठरत नाही. जो माणूस दुसऱ्या दर्जाचं हॉटेल किंवा रेस्टॉरंट चालवतो आणि त्याला किमान ५ वर्षांचा अनुभव आहे त्यानेच भरावी, हा अर्थ कुणालाही कळेल. प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यालाही तो कळला होता, म्हणून तर त्याने दोनदा पुरावा मागितला. आपल्याच पत्रांनी प्राधिकरण अडकलं. आणि चौथा प्रतिवादी कँटीनं चालवत होता, म्हणून तो पात्र नव्हता.

दुसऱ्या पायरीचं उत्तर देताना भगवतींनी अमेरिकेतलं १९५९ चं विटारेली प्रकरण घेतलं. तिथल्या अंतर्गत खात्याचा एक कर्मचारी होता, ज्याला काही कारण न सांगताही घरी पाठवता आलं असतं. पण खात्याने सुरक्षेच्या कारणाची चौकशी लावली आणि त्या चौकशीचे स्वतःचेच नियम पाळले नाहीत. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी तिथे मांडलेलं तत्त्व असं, की ज्या मापाने आपली कृती मोजली जावी असं प्रशासन स्वतः जाहीर करतं त्या मापाला ते काटेकोरपणे बांधील असतं. कार्यपद्धतीची तलवार उपसली तर तिचा घाव आपल्यावरही बसू शकतो, असं त्यांनी बायबलची आठवण देत म्हटलं होतं. प्राधिकरणावर ‘दुसऱ्या दर्जाचा हॉटेलचालकच हवा’ अशी अट घालायची सक्ती कुणी केलेली नव्हती. अट नसती तरी चाललं असतं. पण एकदा ती छापली, लोकांनी ती वाचून आपापले निर्णय घेतले, आता मागच्या दाराने ती काढून घेता येणार नाही.

त्याला जोडून दुसरा धागा आला तो अनुच्छेद १४ चा, म्हणजे समानतेच्या हक्काचा. सरकार आज परवाने, कोटे, कंत्राटं, नोकऱ्या, भूखंड वाटतं. कितीतरी लोकांची मिळकत या वाटपावर अवलंबून असते. घरमालक आपला गाळा मनाला येईल त्याला देऊ शकतो, सरकारला ती मुभा नाही. आणि कायद्याने जन्माला आलेलं, सरकारच्या पैशाने आणि सरकारच्या नियंत्रणाखाली चालणारं महामंडळ सरकारचाच हात असल्यामुळे त्यालाही ती नाही. पुढे अनेक महामंडळं, मंडळं, संस्था या एका निकालाच्या आधारावर न्यायालयाच्या कक्षेत आली.

तिसऱ्या पायरीचं उत्तर टेंडर भरणाऱ्यांनी नीट वाचण्यासारखं आहे. आठव्या परिच्छेदाचा हक्क वापरून प्राधिकरणाने सगळ्या निविदा नाकारल्या असत्या, ती प्रक्रिया तिथेच संपवली असती आणि मग वाटाघाटी सुरू केल्या असत्या, तर गोष्ट वेगळी झाली असती. तसं झालं नाही. त्याच सूचनेखाली आलेली निविदा त्याच सूचनेखाली स्वीकारली. नाकारण्याचा हक्क राखून ठेवल्याने अपात्र माणसाला स्वीकारण्याचा हक्क मिळत नाही.

तरीही याचिका फेटाळली

एवढं सगळं याचिकाकर्त्याच्या बाजूने सांगून झाल्यावर न्यायालयाने त्याचं अपील फेटाळलं.

कारणं दोन. एक म्हणजे उशीर. निविदा एप्रिलमध्ये स्वीकारली, याचिका नोव्हेंबरात आली. मधल्या सहा-साडेसहा महिन्यांत नव्या माणसाने यंत्रं घेतली, नोकर ठेवले, कोर्टकचेरी सोसली. स्वीकृतीनंतर लगेच कुणी आलं असतं तर चित्र वेगळं झालं असतं, असं न्यायालयाने स्पष्ट लिहिलं. दुसरं कारण जास्त बोचरं आहे. न्यायालयाच्या मते या याचिकाकर्त्याला निकालात स्वतःचा खराखुरा रस नव्हता. जागा न सोडणाऱ्या जुन्या चालकानेच त्याला पुढे केलेलं दिसत होतं. आधीच्या दाव्यांत हरलेला माणूस नव्या नावाने पुन्हा दारात उभा होता, आणि त्या दारातून त्याला आत घ्यायला न्यायालय तयार नव्हतं.

त्यामुळे नियम सांगितला गेला, पण तो मोडून दिलेलं कंत्राट कायम राहिलं. वकील मित्र म्हणतात, यात विसंगती काही नाही. रिटचा अधिकार विवेकाधीन आहे, हात स्वच्छ हवेत. मला पटतं, पण पूर्ण पटत नाही. याचिकाकर्त्याचे हात मळलेले होते म्हणून विमानतळाची फाइल धुऊन निघत नाही. न्यायालयाला निदान उरलेल्या वर्षासाठी नवी निविदा काढायला सांगता आलं असतं, असं मला राहून राहून वाटतं. उलट बाजूने एस्प्रेसोची यंत्रं घेऊन बसलेल्या त्या माणसाचा विचार केला की वाटतं, त्याचं काय चुकलं? त्याने तर खरं तेच लिहून दिलं होतं.

नुकसान कुणाचं झालं हा प्रश्न मात्र इतका सरळ नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातला तोच खरा मुद्दा आहे. वरवर पाहता सरकारचा फायदाच झाला, सर्वांत जास्त शुल्क मिळालं. असा युक्तिवाद मी कार्यालयांतून शेकडो वेळा ऐकला आहे: ‘अहो, आकडा तर बघा!’ पण ६,६६६ रुपये ६६ पैसे हा सहा निविदांतला सर्वांत मोठा आकडा होता. अट वाचून पेपर बाजूला ठेवणारे कँटीनवाले, केटरर, खानावळवाले मुंबईत किती होते आणि त्यांनी किती दिले असते, हे कुठल्याच फाइलीत येणार नाही. जो भरून हरतो त्याचं नाव तुलनात्मक तक्त्यात असतं, तो भांडू शकतो. जो भरतच नाही त्याची नोंदच नाही. शेट्टी निकालाने या न दिसणाऱ्या माणसाला निदान तत्त्वतः दाद मागायची जागा दिली.

आणि उपाय किती सोपा होता! १५ फेब्रुवारीला अधिकाऱ्याला शंका आली त्याच दिवशी सगळ्या निविदा नाकारून ‘हॉटेल, रेस्टॉरंट किंवा कँटीन चालवण्याचा ५ वर्षांचा अनुभव’ अशी नवी सूचना काढता आली असती. तीन आठवडे गेले असते. पत्रापत्री आणि निर्णय यांत त्यापेक्षा जास्त गेलेच.

नंतरची चाळीस वर्षं

पुढचे निकाल पाहिले तर या नियमाची धार हळूहळू बोथट होत गेलेली दिसते. काही ठिकाणी ते बरंच झालं. १९९१ च्या पोद्दार स्टील प्रकरणात बयाणा रोख किंवा स्टेट बँकेच्या धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) भरायचा होता आणि एकाने युनियन बँकेचा धनादेश दिला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अटी दोन जातींच्या असतात, पात्रतेच्या मूळ अटी आणि कामकाजाच्या सोयीच्या दुय्यम अटी. दुय्यम अट अधिकारी सोडून देऊ शकतो. कुठल्या बँकेचा कागद आहे यावरून सर्वांत चांगला देकार बाद करणं शुद्ध वेडेपणा ठरला असता. त्याच्या आदल्या वर्षी, जी. जे. फर्नांडिस प्रकरणात, अट सैल करायची तर ती सगळ्यांना सारखी करा, असा सूर लागला होता. सगळ्यांना म्हणजे भरणाऱ्या सगळ्यांना. न भरणारे तिथून पुन्हा अंधारात गेले. १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालाने, चार महानगरांच्या मोबाइल परवान्यांच्या वादात, न्यायालयांना आवर घातला: निर्णय कसा घेतला ते तपासा, निर्णय बरोबर की चूक यात शिरू नका.

आपल्या जवळचं उदाहरण नागपूर मेट्रोचं. एका कामासाठी ‘मेट्रो स्थापत्य बांधकामा’चा अनुभव मागितला होता. एका संयुक्त कंपनीतल्या चिनी भागीदाराकडे चीनमधल्या शहराशहरांना जोडणाऱ्या वेगवान रेल्वेचा अनुभव होता. मेट्रो महामंडळ म्हणालं, ही मेट्रो नव्हे, तुम्ही अपात्र. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते फिरवलं. सप्टेंबर २०१६ मध्ये अफकॉन्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निकाल रद्द केला. ज्याने निविदेचे कागद लिहिले त्यालाच त्याचा अर्थ सर्वांत चांगला कळतो, दुर्बुद्धी किंवा निव्वळ विपर्यास नसेल तर न्यायालयाने आपला अर्थ लादू नये.

हे वाक्य आणि शेट्टी निकाल शेजारी ठेवून बघा. १९७७ मध्येही लिहिणारं प्राधिकरण म्हणत होतं, की आमच्या अटीचा अर्थ आम्ही सांगू. तेव्हा न्यायालयाने ऐकलं नव्हतं. फरक सांगता येतो: नागपुरात महामंडळ अट कडक धरून बसलं होतं, मुंबईत सैल सोडत होतं. कडक धरली तर अट वाचून घरी बसलेल्यावर अन्याय होत नाही. पण ‘लिहिणाऱ्यालाच अर्थ कळतो’ हे वाक्य आता दोन्ही तऱ्हेच्या प्रकरणांत सरकारी वकिलांच्या तोंडी असतं, आणि अट सैल करणाऱ्या कार्यालयालाही ते तितकंच सोयीचं पडतं. माझा आक्षेप तिथे आहे.

आमच्या कामात यातून एक सवय लागली. शंकास्पद अट दिसली की निविदापूर्व बैठकीच्या आधी लेखी विचारायचं: ‘कारखान्यातील कँटीन चालवण्याचा अनुभव या अटीत धरला जाईल काय?’ उत्तर शुद्धिपत्रकात आलं तर ते पोर्टलवर सगळ्यांना दिसतं. उत्तर दिलं नाही तर आपण विचारल्याचा कागद राहतो. अण्णांच्या वेळी मी हे केलं नाही, पेन्सिलीची रेघ ओढून मोकळा झालो.

त्या दिवशी अण्णांना मी हे सगळं प्रकरण सांगितलं. कँटीन, सहा निविदा, ‘समकक्ष’. ते खुलले. म्हणाले, ‘म्हणजे आपण भरलं नाही तरी कोर्टात जाता येतं की!’

‘येतं,’ मी म्हटलं. ‘त्याला वर्क ऑर्डर कधी मिळाली?’

‘गणपतीच्या आधी.’

भिंतीवरच्या कॅलेंडरवर मार्चचं पान होतं. अण्णांनी माझ्या नजरेच्या दिशेने पाहिलं आणि मग खिशातून ते जुनं कात्रण काढून टेबलावर ठेवलं. घडीवर ते फाटायला आलं होतं.